तिरकमठ्याच्या जुन्या जाणत्यांना काय विचारावं, कसं विचारावं

किनवट-माहूरच्या गोंड, कोलाम, आंध वस्त्यांत, कळमनुरी-औंढ्याकडच्या आंधांच्या गावांत, कन्नड-सोयगावच्या डोंगरपट्ट्यातल्या भिल्ल वस्त्यांत कमठा (म्हणजे धनुष्य) वाकवून पोट भरलेली माणसं आता थोडी उरलीत. त्यांच्याकडे लोक मोबाईल घेऊन जातात, “बाबा, जुन्या काळच्या शिकारीच्या गोष्टी सांगा” म्हणतात आणि दोन तास गोष्टी ऐकून परततात. घरी येऊन ऐकलं तर वाघाची एक गोष्ट, रानडुकराच्या दोन, आणि कमठा कोणत्या बांबूचा होता याचा पत्ता नाही. यात त्या म्हाताऱ्याची चूक नाही, त्याला गोष्टच मागितली होती. कारागीर हातानं विचार करतो. प्रश्न त्याच्या हाताला विचारायचा, म्हणजे वस्तू पुढ्यात ठेवून विचारायचा.

कधी जावं

खंडेनवमीला घरातली हत्यारं खाली उतरतात, पुसली जातात, पुजली जातात. माळ्यावरचा कमठा एरवी मागून निघत नाही, तो त्या दिवशी आपणहून समोर असतो. पण दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि कापसाच्या वेचणीची घाई सुरू होते, त्यामुळे निवांत बसण्यासाठी चैत्र-वैशाख बरा. मृग लागला की पुन्हा कोणाला वेळ नाही. भेट सकाळी सात ते नऊ किंवा उन्हं उतरल्यावर ठेवा. एका बैठकीला तासभर पुरे. ऐंशीच्या माणसाला दीड तासाच्या पुढे बसवलं की “हो, तसंच” अशी उत्तरं येऊ लागतात, आणि ती चुकीच्या नोंदीपेक्षा घातक, कारण ती पटण्यासारखी असतात.

पहिल्या भेटीला सरपंच, पोलीस पाटील, वनरक्षक यांपैकी कोणाला बरोबर नेऊ नका. वस्तीतल्याच एखाद्या नात्यातल्या माणसाबरोबर जा, रामराम करा, “मामा”, “आजोबा”, “आजी” अशी हाक मारा, चहा होऊ द्या. वही तोवर पिशवीत राहू द्या.

एक गफलत नेहमी होते. फासेपारध्यांकडे जाऊन तिरकमठ्याचे प्रश्न विचारले जातात. त्यांचं कसब मुख्यतः फाशांचं आहे, ते वेगळं शास्त्र आणि त्याचे प्रश्न वेगळे. शिवाय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला तरी लोकांच्या नजरेतून गेलेला नाही. अनोळखी माणूस शिकारीची चौकशी करतो म्हटल्यावर ते गप्प बसतात आणि बरोबरच करतात.

कायद्याची मर्यादा आधी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नं शिकारीला बंदी आहे, आणि ‘शिकार’ या व्याख्येत जखमी करणं, पकडणं, तसा प्रयत्न करणं हेही येतं. त्याच कायद्यात धनुष्यबाण हे हत्यार मानलं आहे आणि कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरता येत नाही. म्हणजे व्हिडिओ छान येईल म्हणून म्हाताऱ्याला कमठ्यासह गौताळ्याच्या किंवा पैनगंगेच्या अभयारण्यात उभं करायचं नाही. गावाच्या कडेला, मोकळ्या बांधाशी चित्रण करा.

शिकारीचे प्रश्न विचारताना तीन गोष्टी नोंदीत येऊ देऊ नका: अलीकडचं साल, नेमकी जागा, दुसऱ्या जिवंत माणसाचं नाव. प्रश्नच असा बांधा की त्या येणार नाहीत. “तुम्ही किती डुकरं मारली?” याऐवजी “तुमच्या आज्याच्या वेळी बाण लागल्यावर लगेच मागं जायचं का थांबायचं?” असं विचारा. तरीही बोलता बोलता काही निघालं तर तेवढा भाग त्याच्यासमोरच पुसा. जुन्या बाणांना गिधाडाची पिसं असू शकतात. ती विकत घेऊ नका, भेट म्हणूनही आणू नका. फोटो आणि माप पुरे. बाणाला विष लावण्याचा विषय निघाला तर ऐका, पण वनस्पती आणि कृती लिहून पसरवू नका.

काय घेऊन जायचं

तीन मीटरचा टेप, शिवणकामाची कापडी पट्टी, ५० किलोपर्यंतचा लटकवायचा वजनकाटा, ग्रॅमचा बारीक काटा (नसेल तर बाण सोनाराकडे तोलून घेता येतो), चार मीटर सुती दोरा, खडू, दोन खुंट्या, आणि साध्या बांबूच्या दोन-तीन कामट्या. कामट्या कशाला ते पुढे कळेल.

आवाज मोबाईलवर नीट येतो, फक्त तो विमान मोडवर टाका आणि घडी केलेल्या कापडावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. लोखंडी बाजेवर ठेवला तर बाजेची प्रत्येक कुरकुर येते. डब्ल्यूएव्ही स्वरूपात, एका चॅनेलवर तासाला साधारण ३५० एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा. परवानगी तीन वेगळ्या प्रश्नांत घ्या: आवाज धरू का, नाव लिहू का, लोकांना दाखवू का. पहिल्याला हो म्हणणारा तिसऱ्याला बऱ्याचदा नाही म्हणतो.

कमठा: आधी मोजा, मग विचारा

कमठा हातात घेतल्यावर लगेच ओढू नका. चुलीवरच्या माळ्यावर वर्षानुवर्षं वाळलेला बांबू दोरी चढवतानाच तडकतो. अशा कमठ्याची फक्त मापं घ्यायची. वापरातला असेल तरच, आणि मालकानं स्वतः दोरी चढवली तरच पुढची चाचणी करा. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणाला मिळायची ती सगळी ताकद कमठ्यातच परत जाते आणि तो फुटतो.

मापं या क्रमानं: टोकापासून टोकापर्यंत लांबी, मुठीची रुंदी आणि जाडी, मुठीपासून दर एका वितीवर रुंदी-जाडी दोन्ही बाजूंना, खाचांची खोली, दोरी चढलेली असताना मूठ ते दोरी अंतर. दोरी उतरवल्यावर सुती दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणा आणि मुठीपाशी फट मोजा. कमठा किती कायमचा वाकला आहे ते त्यावरून समजतं. म्हातारा वीत, मूठ, बोट अशी मापं सांगेल. ती तशीच लिहा, आणि शेजारी त्याच्याच हाताची वीत इंचात मोजून लिहा. पुस्तकातली नऊ इंचांची वीत धरली तर कमठा कागदावर भलत्याच लांबीचा होतो.

आता प्रश्न.

“हा बांबू कुठल्या जातीचा, आणि तोडताना काय पाहून तोडला?” मानवेल, कटांग, कळक अशी नावं येतील, पण एकाच नावाची दोन गावांत दोन झाडं असतात. बेट दाखवायला सांगा, पानाचा आणि पेराचा फोटो घ्या. बांबू नसेल तर धामणाचं लाकूड आहे का विचारा. त्याची लवचिकता जुन्या लोकांना चांगली माहीत असते.

“कोणत्या महिन्यात तोडायचा?” बहुतेक उत्तर हिवाळ्याचं येतं, त्यात अंधाऱ्या पंधरवड्याची अट असते. हिवाळ्याला कारण आहे: तेव्हा बांबूत पिठूळ अंश कमी असतो, त्यामुळे भुंगा लागून भुकटी पडण्याचं प्रमाण कमी राहतं. चंद्राबद्दल वाद घालू नका, तो म्हणतो ते लिहा.

“साल बाहेरच्या अंगाला ठेवता का आतल्या?” हा एक प्रश्न समोरच्याला खरंच कमठा करता येतो का ते सांगून जातो. बांबूचे चिवट धागे सालीजवळ दाट असतात आणि आत विरळ होत जातात. कमठ्याची पाठ म्हणजे ओढणाऱ्यापासून लांबची बाजू, पोट म्हणजे त्याच्याकडची. पाठीवर ताण येतो, म्हणून साल पाठीला, आणि तासायचं ते पोटाकडून. करणारा माणूस हे शब्दांत न सांगता कोयत्यानं दाखवेल. इथं तुमच्याजवळची कामटी त्याच्या हातात द्या. तो ती वाकवून पाहील, फेकून देईल, “ही कोवळी” म्हणेल. कोवळी कशी ओळखली, हा खरा प्रश्न. आपणहून तो आपल्याला सुचला नसता.

“पेर कुठं येऊ द्यायचा?” “बुंधा वर का शेंडा वर?” “एक बाजू जास्त वाकली तर कुठं तासता?” शेवटचा प्रश्न कधीच चुकवू नका. नवखा वाकणाऱ्या बाजूला तासतो आणि कमठा बिघडवतो. तासायचं ते न वाकणाऱ्या, ताठ राहिलेल्या बाजूचं पोट. उत्तर उलटं आलं तर प्रश्न नीट कळला नसेल, कामटीवर करून दाखवायला सांगा.

“हा कमठा कशामुळे मोडला?” घरात मोडका कमठा असेल तर चांगल्यापेक्षा त्याच्याजवळ जास्त वेळ घालवा. पेरापाशी तडा, पोटावर आडव्या सुरकुत्या, खाचेपाशी चीर, प्रत्येकाचं कारण निराळं आणि ते तो एका वाक्यात सांगतो. “चांगला कमठा कसा असावा?” या प्रश्नाला मात्र कोणालाही उत्तर देता येत नाही.

कमठा ओढायला किती जोर लागतो ते मोजण्यासाठी वापरातल्या कमठ्याची मूठ कापड गुंडाळून आढ्याच्या दोरीला आडवी टांगा, काट्याचा आकडा दोरीत बाण बसतो तिथं अडकवा आणि सरळ खाली ओढा. ३० सेंटिमीटरपासून दर ५ सेंटिमीटरला वजन लिहा. दर टप्प्याला वजन सारखं वाढत असताना एकदम दुप्पट वाढ दिसली तर थांबा, कमठ्याची हद्द आली. आकडा लिहिताना किती ओढल्यावर तो आला हे लिहिलंच पाहिजे. आजचे क्रीडा धनुर्धारी धनुष्याचा जोर २८ इंच ओढल्यावरचा सांगतात. छातीपर्यंत ओढणाऱ्या माणसाची ओढ बरीच कमी असते, आणि त्याच्या कमठ्याला २८ इंचांवर ओढून पाहिलं तर आकडाही खोटा आणि कमठाही गेला.

दोरी

दोरीकडे विचारणाऱ्यांचं लक्ष जात नाही. बांबूच्याच सालीची पट्टी, अंबाडी, घायपात, पळसाच्या मुळाचा वाख, जनावराची तात, यांतलं काय आणि का? अंबाडी कुजवायची, सोलायची, पिळायची कामं घरातल्या बायांच्या हातची असू शकतात, म्हणून हा भाग आजीला विचारा, आणि पुरुष मध्ये बोलू लागले तर त्यांना बांधाकडे घेऊन जा. पीळ डावा का उजवा, किती पदरी, मेण का तेल, पावसात काय होतं, दोरी चढवूनच ठेवता का उतरवून. फास कसा बांधला ते विचारून लिहिता येत नाही. दोऱ्यावर हळू बांधायला सांगा आणि वरून चित्रण घ्या.

बाण

एक बाण घेऊन भागत नाही. एकाच माणसाचे पाच बाण मागा, लांबी आणि वजन मोजा, मग त्याला विचारा यातला सगळ्यांत सरळ जाणारा कोणता. त्याचं उत्तर आणि तुमचे आकडे शेजारी ठेवले की त्याची निवड कशावर होते ते दिसू लागतं.

बाणाच्या काडीचा ताठरपणा मोजायला सोपी रीत आहे. बाण २६ इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवा, मधोमध ९०७ ग्रॅम वजन टांगा, काडी किती इंच खाली गेली ते पाहा. २६ ला त्या आकड्यानं भागा. अर्धा इंच गेली तर ५२, म्हणजे ओढायला साधारण तेवढे पौंड जोर लागणाऱ्या धनुष्याला ती चालावी. सुटताना बाण मुठीला वळसा घालत लवतो, म्हणून हे जुळावं लागतं. बाण कमठ्याच्या डाव्या अंगाला ठेवणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचिक उजवीकडे. म्हाताऱ्याला आकडा सांगू नका. “बाण सारखा एकाच बाजूला जातो, मग काडीचं काय करता?” एवढंच विचारा.

पिसांबद्दल: किती, केवढी, दोन्ही पंखांची मिसळता का? एका बाणाला एकाच बाजूच्या पंखाची पिसं लागतात, नाहीतर त्यांचा बाक एकमेकांविरुद्ध ओढतो. फाळाबद्दल, म्हणजे बाणाच्या लोखंडी टोकाबद्दल: फिरत्या घिसाड्याकडून घडवला का गावच्या लोहाराकडून, कोणत्या लोखंडाचा, काडीत खुपसायचा का नळीत बसवायचा, सुटू नये म्हणून राळ का लाख, वरून कशानं आवळलं. पाखरांसाठी बोथट टोक वेगळं असायचं का. पैनगंगेकाठी विचारत असाल तर माशांचा बाण विसरू नका, आणि त्यासोबत हा प्रश्न: “मासा दिसतो तिथं मारायचं का खाली?” पाण्यातून येणारा प्रकाश वाकतो, मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. ज्यानं मारलेत तो विचार न करता “खाली” म्हणेल आणि किती खाली ते बोटांनी दाखवेल.

बोटं आणि एकलव्य

“तुमच्यात अंगठा लावत नाहीत ना?” हा प्रश्न विचारायचा नाही. एकलव्याची गोष्ट विचारणाऱ्यालाही माहीत आणि सांगणाऱ्यालाही. पाहुण्याला काय ऐकायचंय ते त्याला कळतं आणि तो मान डोलावतो. त्याऐवजी दोरी ओढायला सांगा, अर्ध्यावर थांबवा, आणि हाताचा समोरून, वरून आणि तळव्याकडून फोटो घ्या. बाण दोन बोटांच्या मध्ये आहे का अंगठ्याच्या चिमटीत, मुठीच्या डाव्या अंगाला आहे का उजव्या, दोरी छातीशी येते का गालाशी, हे फोटोत बघा. मग विचारा, “हे बोट असं का?”

कॅलिफोर्नियात १९११ साली ईशी नावाचा, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस ओरोव्हिल गावाजवळ सापडला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला. सॅक्स्टन पोप नावाचा शल्यविशारद त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकला. इंग्रजी पद्धत तीन बोटांनी ओढायची. ईशी अंगठ्यानं ओढायचा, आणि पोपनं ते जसं दिसलं तसं लिहिलं. लाकूड, पाठीवर चिकटवलेले स्नायूचे धागे, बाणाची मापं, सगळं लिहिलं. ईशी १९१६ मध्ये क्षयानं गेला. अमेरिकेतल्या आजच्या धनुष्य-शिकारीचा मोठा भाग त्या काही वर्षांतल्या विचारपुशीवर उभा आहे. पोपला नेमके प्रश्न सुचले याचं कारण तो शेजारी बसून स्वतः लाकूड तासत होता. आपल्यालाही तेच करता येतं: म्हाताऱ्याला दिवसाची पूर्ण मजुरी आधी ठरवून द्या, आणि त्याच्या देखत एक कमठा स्वतः करा. तो ओरडेल, हिसकावून घेईल, दुरुस्त करेल. ते सगळं रेकॉर्ड होऊ द्या.

रानाचे प्रश्न

“किती लांबून मारायचा?” असं विचारलं की शंभर पावलं येतात. “किती लांबून असलं तर बाण सोडायचा नाही?” असं विचारा. तोंडी आकडा घेऊच नका. बांधावर एक खुंटी ठोका, त्याला मागे चालत जायला सांगा, थांबेल तिथं दुसरी ठोका आणि टेपनं मोजा. अंतर फार निघणार नाही, बहुतेक वेळा ऐकलेल्या आकड्याच्या पाव-तिसऱ्या भागाइतकंच.

‘कधी नाही’ या धाटणीचे प्रश्न सगळ्यांत जास्त देतात. कोणत्या महिन्यात जायचं नाही, कोणत्या जनावराला हात लावायचा नाही, पिलं बरोबर असतील तर, पाणवठ्यावर असेल तर, वारा पाठीवर असेल तर. हाक्यात, म्हणजे आरडाओरडा करून जनावर हाकलताना, कोण कुठं उभा राहायचा. दोघांचे बाण लागले तर जनावर कोणाचं, पहिला बाण कोणाचा ते कसं कळायचं, बाणावर खूण असायची का. मांसाचे वाटे कसे पडायचे, ज्याच्या घरात पुरुष नाही तिथं वाटा जायचा का. या शेवटच्या प्रश्नावर बायका हमखास बोलतात आणि पुरुषांनी सांगितलेलं खोडूनही काढतात. दोन्ही लिहा.

जखमी जनावराचा माग हा वेगळा विषय. रक्त फेसाळ आणि तांबडंलाल का काळपट, पानावर कोणत्या उंचीला लागलेलं, किती वेळ थांबायचं. लगेच पाठलाग केला की जनावर बसत नाही आणि दूर जातं, म्हणून थांबायचं असतं. किती, याचं माप घड्याळात येणार नाही. “एक चिलीम होईस्तोवर” असं काही येईल, तसंच लिहा.

नेम धरून दाखवायचा असेल तर बाणाच्या दिशेला बांध किंवा मातीचा ढीग हवा, आणि कॅमेरा धरणाऱ्यासकट सगळे नेम धरणाऱ्याच्या मागे. पोरं गोळा होतात, त्यांना आधी बसवा.

भाषा

किनवटकडे म्हातारा गोंडीत किंवा कोलामीत बोलेल आणि नातू मराठीत सांगेल. नातू पाच वाक्यांचं एक करतो. त्याला आधीच सांगा की प्रत्येक वस्तूचं नाव आज्यानं म्हटलं तसं आधी म्हण, मग अर्थ सांग. नाव कानाला आलं तसं देवनागरीत लिहा, सुधारू नका. मराठी बोलणाऱ्यांतही मूठ, पोट, पाठ, खाच यांना गावागणिक वेगळे शब्द आहेत, त्यामुळे आपला शब्द आधी उच्चारायचा नाही. बोट ठेवायचं आणि “याला काय म्हणता?” विचारायचं.

दुसरी भेट

त्याच रात्री ऐकून लिहून काढा. दोन दिवस गेले की “हे एवढं” म्हणताना त्यानं बोट कुठं ठेवलं होतं ते आठवत नाही. कमठ्याचं चित्र काढा, मापं घाला, आणि पंधरा-वीस दिवसांनी परत जाऊन वाचून दाखवा. “हे बरोबर आहे का?” असं विचारू नका, भिडेखातर हो येईल. एक माप मुद्दाम चुकवून वाचा, मूठ ते दोरी अंतर दुप्पट सांगा. त्यानं लगेच हटकलं तर बाकीचं तो लक्ष देऊन ऐकतोय. नाही हटकलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. मुद्दाम चुकवलेलं माप तिथंच खोडा, नाहीतर तेच पुढे छापलं जातं.

दोन जाणत्यांची उत्तरं जुळली नाहीत तर एकाला खोटं ठरवू नका आणि सरासरीही काढू नका. एक डोंगरातला असेल, दुसरा नदीकाठचा. बांबू वेगळा, जनावर वेगळं, म्हणून कमठाही वेगळा. रेकॉर्डिंगची एक प्रत मेमरी कार्डावर घालून घरात द्या, कार्डावर तारीख आणि गाव लिहा. कार्ड मोबाईलमध्ये कसं लावायचं ते घरातल्या शाळकरी पोराला दाखवून या.